पापडखारातला बेदाणा

संस्थेने साहेबांसाठी जीप ठरवली होती. साहेबांनी सायकल मागितली.

तासगाव भागातल्या लोकांनी त्यांच्याविषयी पहिलं मत बनवलं ते या सायकलवरून. "गोरा सायेब आन् सायकलीवर? तिकडं कायतरी घोटाळा करून आला आसंल," असं एस.टी. स्टँडवर एक जण दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकलं. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हणालो, तुमचं स्वागत करतोय. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि पायडल मारलं.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी नुकताच कोल्हापुरातून शेतीचा पदवीधर होऊन बाहेर पडलो होतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला मी. वडील बैलगाडीने कराडकडच्या साखर कारखान्याला ऊस वाहायचे. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी बैलांच्या शिंगांना नवे गोंडे बांधले, कारण आनंद दुसऱ्या कशा रीतीने दाखवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांनी आमच्याकडून व्याकरण असं घोटून घेतलं होतं की अजून झोपेत विचारलं तरी चुकायचं नाही. त्या शिदोरीवर मला द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेत तीन महिन्यांचं हंगामी काम मिळालं, परदेशातून येणाऱ्या बेदाण्याच्या जाणकाराचा दुभाषा म्हणून.

हे जाणकार जन्माने हॉलंडचे. पंचविशीत बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथल्या एका नदीकाठच्या रखरखीत भागात द्राक्षं लावून, त्यांचे बेदाणे करून स्थिरावले. आता पन्नाशी उलटली होती. इंग्रजी त्यांचंही उसनं आणि माझंही. दोघंही आधी मनात वाक्य जुळवायचो, मग तोंड उघडायचो. त्यामुळे आमचं छान जमलं. अस्सल इंग्रज आला असता तर मला त्याच्या बोलण्यातलं निम्मंही कळलं नसतं.

तासगावातल्या विश्रामगृहापासून, जिथे बेदाणा करायचा होता त्या आण्णांच्या बागेपर्यंत सायकलने पाऊण तास लागायचा. या पाऊण तासात साहेब त्यांचं आयुष्य सांगायचे. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर त्यांना आणि त्यांच्या बायकोला पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांच्या छावणीत ठेवलं होतं. सकाळी मेंढीचं मटण, दुपारी मेंढीचं मटण, रात्री त्याचंच गार झालेलं मटण. पुढे स्वतःचं घर झाल्यावर बायको दर शनिवारी दारापुढची फरशी साबणाने घासायची, तिच्या आईच्या घरची रीतच तशी. त्या भागात लाल धुळीचे लोट उठायचे. तासाभरात फरशी पुन्हा लाल. शेजारणी कुंपणावर कोपरं टेकून हा खेळ बघायच्या. "पंचवीस वर्षं झाली," साहेब म्हणाले, "अजून घासते. आणि अजून लाल होते."

आणि त्यांची आई. दर महिन्याला हॉलंडहून तिचं पत्र यायचं. तिकडे हिवाळा तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा. बाहेर भट्टीसारखं ऊन, पक्षी झाडावरून पडतायत, आणि पत्रात लिहिलेलं, बाळा, लोकरीचे मोजे घालतोस ना? साहेब उत्तर लिहायचे, घालतो. एवढं सांगून ते सायकलवर मोठ्याने हसायचे आणि समोरच्या बैलगाडीचे बैल बिचकायचे.

आण्णा जैन शेतकरी. साठीच्या आसपासचे, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी. घरात ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, दोघंच, मुली सासरी गेलेल्या. बिनबियांच्या द्राक्षांचा त्यांना नाद होता. पण द्राक्ष म्हणजे नाशवंत माल. सगळ्यांची एकदम पिकतात, व्यापारी नाक मुरडतात आणि शेतकरी हात चोळत बसतो. बेदाणा झाला तर वर्षभर टिकेल, हे आण्णांच्या मनाने घेतलं होतं. दोनदा त्यांनी आपल्या हिकमतीने करूनही पाहिला. एकदा माल काळा पडून आंबला, एकदा मुंग्यांनी नेला. या खेपेला साहेब येणार असं कळल्यावर त्यांनी अख्खा एक एकर माल वेलींवर राखून ठेवला. आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. आता एप्रिल लागला होता. वळीव कधीही कोसळेल. राखलेल्या मालाचा एक तर बेदाणा होणार होता, नाहीतर चिखल.

बागेत आम्ही बांबूंवर कोंबड्यांची जाळी ताणून एकावर एक सात मजले केले, वर पत्रा, बाजूला गोणपाट. त्यावर घड पसरायचे. पण त्याआधी घड तेल आणि खाराच्या पाण्यात बुडवून काढायचे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही. या बुडवणीने तो सुटतो आणि पाच आठवड्यांचं वाळवण पंधरा दिवसांत होतं, मालही काळा पडत नाही. त्या कामाचं तयार तेल साहेबांनी ऑस्ट्रेलियाहून डब्यांत आणलं होतं.

साहेबांनी डबा उघडला. आण्णांनी वाकून वास घेतला.

"मास्तर," ते मला म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण चार बुकं जास्त शिकलेल्याला तिथे मास्तरच म्हणत. "सायेबास्नी इचारा, ह्ये त्याल कशापासनं काढत्यात?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "हे तेल माणसाला अगदी निर्धोक आहे, सांग त्यांना."

"निर्धोक हाय व्हय. पर हाय कशाचं? झाडाचं का जनावराचं?"

मी तेही विचारलं. साहेबांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली, डबा उलटा करून बुडाशी वाचलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

आता हे आण्णांना सांगायचं होतं. आणि मी सांगेना. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. 'झाडाचं' एवढा एक शब्द उच्चारला असता तर कामाला सुरुवात झाली असती, माल वाचला असता, माझे तीन महिन्यांचे कदाचित सहा झाले असते. तेल झाडाचं असण्याची शक्यताही होतीच. म्हणजे धड खोटंही नव्हतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "छावणीत आमचा एक दुभाषा होता. फार चांगला माणूस. मला पहिलं काम मिळालं तेव्हा मी त्याला विचारलं, गाव जवळ आहे का? माझी बायको तेव्हा रोज रडायची. त्याला आमची दया आली. तो म्हणाला, जवळच आहे. आम्ही रेल्वेत बसलो आणि दीड दिवस बसूनच राहिलो. बायको मला सारखी विचारत होती, जवळ म्हणजे किती? तेव्हापासून मला दयाळू दुभाष्यांची भीती वाटते. मी म्हणालो तेच सांग."

एस.टी. स्टँडवरचं ते 'स्वागत' त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं तर! माझे कान तापले.

"आण्णा," मी म्हणालो, "साहेबांना ठाऊक न्हाई. झाडाचंबी आसंल, जनावराचंबी आसंल."

आण्णांनी डब्याचं झाकण हलक्या हाताने लावलं. "मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण त्यांनी एकदा बागेकडे आणि एकदा आभाळाकडे पाहिलं.

आण्णांच्या बांधाला बांध लागून एका निवृत्त सुभेदारांची बाग होती. फौजेत वीस वर्षं काढलेला मिशाळ मराठा गडी. काम सोडून ते आमच्याकडेच जास्त असायचे. ते पुढे झाले. "मला द्या तो डबा. फौजेत ह्या पोटात काय काय गेलंय त्ये देवालाबी ठाऊक न्हाई. माझी द्राक्षं काय पाप-पुण्य बघत न्हाईत." साहेबांनी डबे त्यांना देऊन टाकले. आण्णांचा एकर तसाच उभा राहिला.

त्याच संध्याकाळी आम्ही ऑस्ट्रेलियाला तेल करणाऱ्यांना तार केली आणि वर पत्रही टाकलं. पण द्राक्षं काही पत्रासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे सायकलने निघालो. आण्णांच्या घरी अक्कांनी अंगणात सडा टाकला होता आणि त्या वाऱ्याने आलेला पाचोळा पुन्हा झाडत होत्या. साहेब सायकल धरून ते बघत उभे राहिले. एकाएकी म्हणाले, "म्हातारा!"

त्यांना त्यांचा पहिला शेजारी आठवला होता. ग्रीस देशातून आलेला म्हातारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, साहेबांना तेव्हा येत नव्हतं आणि एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. दोन वर्षं त्या दोघांनी खाणाखुणांवर शेती केली. बेदाणा करायला त्यानेच शिकवलं. आणि त्याच्याकडे डबे नव्हते! तो चुलीतल्या राखेचा खार काढायचा आणि त्यात स्वयंपाकाचं ऑलिव्हचं तेल फेटायचा. "नंतर तयार डबे आले आणि आम्ही सगळे ते विसरलो," साहेब म्हणाले. "विचार त्यांना, इथे खाण्याचं तेल आणि असा काही खार मिळेल?"

मी विचारलं. अक्का केरसुणी टाकून हसायलाच लागल्या. "आवं, पापड काय हवेत व्हत्यात व्हय? पापडखार हाय की डबाभर. आन् करडीचं त्याल घाण्यावरचं."

अक्कांनी पापडखार आणला. साहेबांनी चिमूट उचलून वास घेतला, पाण्यात विरघळवून बोटांत चोळला, बोटं बुळबुळीत झाली तसा त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी माझ्याकडे एक वस्तू मागितली आणि मी पुन्हा अडखळलो.

"काय म्हणत्यात?" अक्कांनी विचारलं.

आदल्या दिवशीचा धडा ताजा होता. मी डोळे मिटून सांगून टाकलं, "अंडं पाहिजे म्हणतात."

अक्कांनी पदर सावरला. "अंडं? ह्या घरात?"

सुभेदार बांधावरून ओरडले, "आणू का? आमच्या कोंबडीनं आत्ताच दिलंय. गरम हाय!"

"तिकडंच ऱ्हाऊ दे तुझी कोंबडी!" आण्णा आतून म्हणाले.

तो म्हातारा खाराच्या पाण्यात अंडं सोडून बघायचा. जितकं वर तरंगेल तितका खार तेज. साहेबांना ओशाळल्यासारखं झालं, ते सारखी माफी मागू लागले. अक्कांनी त्यांना हाताच्या खुणेने थांबवलं. "पावणं, आमी पापडाला अंडी तरंगवत बसत न्हाई." त्यांनी खाराच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "चरचरलं पायजे, पर टोचाय नको." दुसऱ्या कळशीतलं पाणी थोडं ओतलं, पुन्हा बोट जिभेला. साहेबांनीही बोट बुडवून चाखलं आणि तोंड असं केलं की आण्णा या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

पहिली टोपली बिघडली. पाणी तेज झालं होतं, साली तडकल्या आणि द्राक्षांचा रस गळू लागला. आण्णा घमेल्यातल्या गळक्या घडांकडे बघत म्हणाले, "गायीला टाका. दुसरी टोपली आणा." दुसऱ्या वेळी पाणी कोमट ठेवलं, खार निम्मा केला, तेल धारेने सोडत अक्कांनी रवीने घुसळलं. ताकासारखं पांढरं झालं. त्यात घड बुडवले, शंभर मोजून काढले. साली जागच्या जागी. नुसती तकाकी उतरली होती, आरशावर वाफ धरावी तशी. साहेबांनी एक मणी चिमटीत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हेच." ते मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

तीन दिवस आम्ही घड बुडवत होतो. साहेब, आण्णा, अक्का, मी, गावातल्या चार बायका आणि कोंबडी घरी ठेवून आलेले सुभेदार. दुपारी पडवीत जेवण. साहेबांच्या माहेरी, म्हणजे हॉलंडात, पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावून टाकायचं अशी रीत. ऑस्ट्रेलियातले लोक त्यांना यावरून हसायचे. इकडे अक्का भाकरी वाढताना ताटावर आडवा हात घेतला तरी हाताच्या फटीतून भाकरी सरकवायच्या. चौथ्या भाकरीला साहेब मला म्हणाले, "झाकण कुठे असतं यांच्या डब्याला?" मी ते सांगताच अक्का म्हणाल्या, "झाकण? ते फुटलं कवाच."

परतफेड म्हणून साहेबांनी खिशातून पुडी काढली. त्यांच्या मुलखातली काळी गोळी, बहिणीने टपालाने पाठवलेली, फार जपून खायचे. हे कशाचं, हे त्यांना आता न विचारता सांगायची सवय लागली होती. "झाडाच्या मुळीचा रस, आणि एक क्षार." मूळ म्हटल्यावर, कंदमुळं न खाणाऱ्या आण्णांनी हात जोडले. सुभेदारांनी तोंडात टाकली. त्यांच्या मिशा आधी खाली गेल्या, मग वर आल्या.

"जेष्ठमध हाय," ते म्हणाले. "आन्... नवसागर! आवं सायेब, नवसागर हाय ह्यात! भांड्यास्नी कल्हई लावत्यात त्यो! माझ्या पोटाला कल्हई करायचा इचार हाय का काय?"

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षांत ही गोळी खाऊन सगळे थुंकले होते, म्हणाले, पण आत काय आहे ते ओळखणारा हाच पहिला.

माल जाळीवर चढला आणि वाट बघणं सुरू झालं. दहाव्या दिवशी तासगावच्या बाजूला आभाळ काळं झालं. आण्णा गोणपाटाला धरून उभे राहिले, जणू पाऊस हातानेच अडवणार होते. चार टपोरे थेंब पडले, धूळ उठली आणि ढग मिरजेकडे निघून गेला. आण्णा म्हणाले, "जाऊ दे बाबा. तिकडंबी कुणाला पायजेल आसंल."

पंधराव्या दिवशी तारेचं उत्तर आलं. तेल करणाऱ्यांनी कळवलं होतं की ज्या वर्षी जी चरबी किंवा जे तेल परवडेल ते ते वापरतात आणि कोणत्या डब्यात काय गेलं ते सांगता येणार नाही. मी शब्दाला शब्द वाचून दाखवलं. आण्णा म्हणाले, "म्हंजी त्यास्नीबी ठाऊक न्हाई!"

त्याच दिवशी दुपारनंतर आम्ही जाळ्या हलवायला घेतल्या. खाली चादरी अंथरल्या होत्या. सातव्या मजल्यापासून हलवत आलो, तसतसे काड्या सोडून दाणे टपटप खाली पडू लागले. कोवळ्या गुळाच्या रंगाचे, थोडे हिरवट. सुभेदारांचा माल शेजारीच वाळत होता, तो आमच्यापेक्षा उजळ दिसत होता आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. पण हा काळा पडला नव्हता, आंबला नव्हता. ढीग वाढत गेला. आमच्यापैकी कुणीच दाणा तोंडात टाकेना. पहिला मान आण्णांचा. आणि आण्णा तर खालच्या जाळीला डोकं लावून अजून हलवतच होते.

शेवटची जाळी रिकामी होईपर्यंत सूर्य बुडाला.

अक्कांनी वाटीभर दाणे निवडून पुढे केले. आण्णांनी पश्चिमेकडे पाहिलं आणि मान हलवली. दिवस मावळल्यावर ते काही खात नसत.

"आवं आण्णा, येक दाणा!" सुभेदार कळवळून म्हणाले. "सूर्व्या काय बघाय येतोय?"

"म्हणून तर," आण्णा म्हणाले.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी अक्कांच्या हातातली वाटी घेऊन खाली ठेवली. म्हणाले, "मग मीही उद्या." त्यावर सुभेदारही चडफडत थांबले. आम्ही सगळे ढिगाभोवती बसून राहिलो, मधाचा वास येत होता आणि कुणी खात नव्हतं. आण्णांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुमी झाडाचं म्हणला आसता तर मी इश्वास ठेवला आसता. का न्हाई म्हणला?"

"म्हणणारच होतो, आण्णा," मी म्हणालो. "साहेबांनी अडवलं."

आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडतानाच सायकली काढल्या. आण्णा बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन येईपर्यंत ऊन पडवीत आलं होतं. ते पाटावर बसले, वाटीतला एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले. साहेब त्यांच्या जबड्याकडे बघत होते. सुभेदारांनी मिशी चावायला घेतली होती.

"खार वाईच कमी पडला का गं?" आण्णांनी अक्कांना विचारलं.

"शब्दाला शब्द सांग," साहेब मला म्हणाले. मी सांगितलं.

"पुढच्या साली बघू की," अक्का म्हणाल्या आणि वाटी साहेबांकडे सरकवली.